ओयोचे दोन भोपळे

आमच्या दाराजवळच्या फळीवर एक भोपळा ठेवलेला आहे. वाळवून, आतून खरवडून, वर चाकूच्या टोकाने बारीक नक्षी कोरलेला. नायजेरियातल्या ओयो गावात रस्त्याच्या कडेला भरपूर घासाघीस करून घेतला होता. मुंबईला उतरले तेव्हा कस्टमवाल्याने तो उलटसुलट केला, आत नाक घालून वास घेतला आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, शोभेची वस्तू. "दुधी दिसतोय," म्हणत त्याने परत दिला. चुकला नव्हता तो. दुधीचाच वेल. आपण कोवळा खुडून कोफ्ते करतो. ते लोक जून होऊ देतात, वाळवतात आणि मग त्यात पाणी, ताडी, धान्य, औषध, जे म्हणाल ते ठेवतात. अगदी लहान, मुठीत मावेल अशा भोपळ्याला 'आदो' म्हणतात. त्यात वैदूची पूड असते. तो कमरेला नाहीतर गळ्यात.

नायजेरियाचे दिग्दर्शक कुनले अफोलायान यांचा 'अनिकुलापो' हा चित्रपट अशाच एका आदोभोवती फिरतो. अनिकुलापो म्हणजे ज्याने मरण खिशात टाकलंय असा. फेला कुटी या गायकाने सत्तरच्या दशकात आपल्या आडनावातलं 'रॅन्सम' काढून टाकून हेच नाव घेतलं, त्यामुळे जगाच्या कानावर ते आधीपासून होतं. चित्रपट आला ३० सप्टेंबर २०२२ ला, नेटफ्लिक्सवर. नायजेरियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी.

नायजेरियातल्याच इबादान शहरात आम्ही चार वर्षं राहिलो. नवरा कारखान्यात, मी घरी, आणि खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई. त्यांना नावाने हाक मारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सगळ्या गल्लीच्या त्या 'ममा'. उमेदीच्या काळात ग्बागीच्या कापडबाजारात त्यांचा गाळा होता. पहिल्याच सकाळी मी जिन्यात भेटल्यावर मोठ्या उत्साहाने "काआरो!", म्हणजे सुप्रभात, म्हटलं. आदल्या रात्री पाठ केलं होतं. ममा माझ्याकडे बघत राहिल्या, जणू वाक्य अजून संपायचंय. मागून त्यांची नात हळूच म्हणाली, "ए". "ए काआरो, मा." मग ममा हसल्या आणि पुढे पाच मिनिटं माझी, नवऱ्याची, माझ्या आईची, पुण्यातल्या पावसाची चौकशी झाली. योरुबात, म्हणजे तिथल्या भाषेत, 'ओ' म्हणजे तू आणि 'ए' म्हणजे तुम्ही. मी एका सत्तरीच्या बाईला, पहिल्या भेटीत, बरोबरीच्या मैत्रिणीसारखी हाक मारली होती. हे कळल्यावर मला जी लाज वाटली ती फक्त मराठी माणसालाच वाटू शकते असं मला वाटायचं. तसं नसतं हे तिथे कळलं.

तर हा चित्रपट ममांबरोबर बघायचा असं ठरलं. त्या इबादानला, मी पुण्यात. मधे साडेचार तासांचं अंतर: त्यांची निवांत संध्याकाळ, माझी मध्यरात्र. फोनचा स्पीकर लावायचा, नातीने तिकडे एक-दोन-तीन म्हणायचं, दोघींनी एकदम बटण दाबायचं. पण माझं इंटरनेट चार-पाच सेकंद मागेच राहिलं, शेवटपर्यंत. त्यामुळे ममांचा "आ-आ!" आधी ऐकू यायचा आणि पडद्यावर काय झालं ते मागून दिसायचं. पुढे काय येणार हे कळायचं, पण बरं की वाईट ते नाही. एखादा ऐतिहासिक सिनेमा बघायची ही पद्धत वाईट नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. सतरावं शतक, ओयोचं साम्राज्य. सारो नावाचा देखणा विणकर नशीब काढायला ओयोत येतो. अवारुन ही पैसा आणि वजन बाळगून असलेली प्रौढ बाई त्याला जवळ करते. मग त्याची नजर जाते राजाच्या सर्वांत धाकट्या राणीकडे, अरोलाकेकडे, आणि तिची त्याच्याकडे. प्रकरण उघडकीला येतं. सारोला मरेस्तोवर मारून रानात टाकतात. तिथे अकाला पक्षी येतो. मेलेल्याला उठवणारा पक्षी, असं लोक सांगतात. सारो उठतो, आणि मागोमाग आलेली अरोलाके त्या पक्ष्याला हुसकावून त्याचा छोटा भोपळा हस्तगत करते. दोघं दूरच्या गावी जातात. सारो मेलेल्यांना उठवू लागतो. मान मिळतो, घर मोठं होतं, बायका वाढतात, डोकं फिरतं. शेवटी त्या गावच्या राजाचा मुलगा मरतो तेव्हा सारो त्याला उठवायच्या बदल्यात राजकन्या मागतो. तोवर अरोलाकेचा पेला भरलेला असतो. ती घर सोडते आणि जाता जाता भोपळ्यातली शक्ती काढून घेते. भर दरबारात सारोच्या हाती उरतो तो नुसता भोपळा. परीक्षेत शून्य मिळालं की मराठीत जे म्हणतात ते, शब्दशः.

आता बरं-वाईट. बऱ्यापासून सुरू करते, कारण ते पडद्यावरही आधी येतं.

सारो विणकर आहे, आणि चित्रपट हे नुसतं सांगून मोकळा होत नाही. त्याला मागावर बसवतो. मला हे बघून इसेयिन हे विणकरांचं गाव आठवलं. ममाच घेऊन गेल्या होत्या मला तिथे, 'अशो ओके' कापड घ्यायला. (यातल्या 'ओके'चा आपल्या ओकेशी संबंध नाही. ओके म्हणजे उंच, वरचं. वरच्या मुलखातलं कापड.) इसेयिनचा पुरुषांचा माग पाहिला नसेल त्याला तो सांगून पटत नाही. विणकर बसतो एका लाकडी चौकटीत, पायाखाली दोन पावड्या, आणि त्याच्यासमोर ताणा थेट अंगणभर पसरलेला असतो, पंधरा-वीस पावलं लांब. पलीकडच्या टोकाला दगड ठेवलेली फळी. ताणा त्या वजनाने ताठ राहतो. कापड विणलं जाईल तशी ती फळी जमिनीवरून इंचाइंचाने विणकराकडे सरकत येते. धोटा टाकायचा, फणी ठोकायची, पावडी बदलायची. दुपारी आलो तेव्हा दगड पेरूच्या झाडाशी होता. निघालो तेव्हा कोंबडीच्या खुराड्यापाशी. मधल्या वेळात विणकराने मान एकदाच वर केली, तीही आमच्या ड्रायव्हरला पाण्याचा नळ दाखवायला. तयार होते ती जेमतेम चार बोटं ते वीतभर रुंदीची पट्टी. अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून अंगभर वस्त्र होतं. गर्द निळा तो 'एतू', गिनी कोंबडीच्या पिसांवरून नाव पडलेला. बदामी तो रानरेशमाचा 'सान्यान'. लालभडक तो 'अलारी', त्याचं रेशीम एके काळी सहारा ओलांडून यायचं.

ममा पडद्यावरचे कपडे असे ओळखत होत्या. प्रसंग रडण्याचा असला तरी मधेच आवाज यायचा, "हा सान्यान खरा आहे." किंवा, "हं, हा मशीनवरचा." कापडाच्या बाजारात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला राणीचं दुःख दिसायच्या आधी राणीच्या कापडाची किनार दिसते. त्यांच्या हिशेबी बरेचसे कपडे पास झाले. मातीच्या भिंती आणि गवती छपरं त्यांना अगदी मनापासून आवडली. हे सगळं गाव अफोलायान यांनी ओयो राज्यातल्या इगबोजाये इथे मुद्दाम उभारलंय, आणि तिथला तांबडा फुफाटा, गुडघाभर सुकं गवत, विरळ झाडी हे सेटच्या बापालाही आणता आलं नसतं. जुनं ओयो, म्हणजे ओयो-इले, अशाच माळरानाच्या कडेला होतं. आजचं ओयो गाव त्याच्या बरंच दक्षिणेला, १८३० च्या दशकात जुनी राजधानी उजाड झाल्यावर वसलेलं. माझा भोपळा या नव्या ओयोचा.

भाषेचं तर विचारू नका. चित्रपट योरुबात आहे आणि बिनधास्त योरुबात आहे. परदेशी प्रेक्षकाला सोपं जावं म्हणून कुणी मधेच इंग्रजीवर घसरत नाही. राजासमोर पुरुष सपशेल जमिनीवर आडवे होतात, बायका गुडघे टेकतात, आणि मग 'काबियेसी' सुरू होतं. आपण तो शब्द 'महाराज' म्हणून सोडून देऊ. पण त्याचा अर्थ ज्याला जाब विचारता येत नाही तो. या शब्दाकडे परत येणार आहे.

इंग्रजी सबटायटलं मात्र या भाषेची पार वाट लावतात. योरुबात दर प्रसंगाला वेगळं नमन आहे. काम करत असलेल्याला 'ए कु इशे', बाजारात बसलेल्याला 'ए कु ओजा', नुसत्या बसलेल्यालाही एक आहेच. पडद्यावर एक म्हातारा येतो, चार ओळींची विचारपूस करतो, आणि खाली पट्टीत उमटतं एवढंच: गुड मॉर्निंग. त्याहून मोठं नुकसान 'ए' आणि 'ओ'चं. कुणी कुणाला अहो-जाहो केलं, कुणी रागाच्या भरात तुम्हीवरून तूवर आलं, हे सगळं इंग्रजीच्या एकाच 'यू'मध्ये गडप. मला राहून राहून वाटत होतं की याला मराठी सबटायटल हवी होती. आपल्याला काही समजावून सांगावं लागलं नसतं. "अहो" आणि "ए" यांच्यात किती संसार बुडालेत हे आपल्याला ठाऊक आहे.

सूर मात्र मराठीतही आणता आला नसता. योरुबात तीन सूर आहेत आणि सुराने शब्द बदलतो. ओको म्हणजे नवरा, सूर बदलला की कुदळ, आणखी बदलला की होडी, आणखी बदलला की भाला. देवनागरीत सगळे एकच दिसतात. म्हणून तर तिथला काखेत दाबून वाजवायचा ढोल बोलतो. दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून नाव, बिरुद, टोमणासुद्धा कळतो. राजवाड्याच्या एका दृश्यात ढोल वाजत होता आणि ममा एकदम खळखळून हसल्या. सबटायटलच्या पट्टीत काहीच नव्हतं. "काय म्हणाला तो?" मी विचारलं. "ते तुला सांगण्यासारखं नाही," म्हणाल्या.

न सांगण्यासारखं पडद्यावरही बरंच होतं, खरं तर. सारो आणि त्याच्या बायका यांचे प्रसंग मोकळेढाकळे आहेत. सत्तरी ओलांडलेल्या बाईबरोबर फोनवर ते बघताना माझा हात आवाज कमी करायच्या बटणावर. तिकडून मात्र शांतपणे, "कुठे गेलीस? आवाज येत नाही तुझा."

अवारुनविषयी मला दोन शब्द जास्त लिहायचेत. शोला शोबोवाले या थोराड, खणखणीत आवाजाच्या नटीने तिचं काम केलंय. अवारुनकडे पैसा आहे, वय आहे, आणि तरुण पुरुष हवासा वाटतो याची तिला शरम नाही. आपल्याकडे हेच पात्र एक तर खलनायिका झालं असतं, नाहीतर विनोदाला जुंपलं असतं. इथे ती पडद्यावर असते तोवर सारो पोरगेला दिसतो. योरुबा बाजारपेठ बायकांच्या हातात होती, आजही बरीचशी आहे. बाजाराची पुढारी 'इयालोजा' हा मानाचा हुद्दा आहे. अवारुन त्या मातीतून आलीय. ममांना ती इतकी आवडली की ती पडद्यावरून गेल्यावर पुढचा अर्धा तास त्या "ती कुठे गेली?" विचारत होत्या. मलाही तोच प्रश्न होता. चित्रपट तिला वापरतो आणि विसरतो.

शोबोवालेंचा अभिनय, किंबहुना बऱ्याच जणांचा अभिनय, नेटफ्लिक्सच्या सवयीच्या डोळ्यांना मोठा वाटेल. हातवारे मोठे, डोळे मोठे, वाक्य फेकायची पद्धत शेवटच्या रांगेपर्यंत. 'ओव्हरअ‍ॅक्टिंग' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हे कुठून आलं ते पाहिलं तर मजा आहे. योरुबा मुलखात 'अलारिंजो' नावाची फिरती नाटकमंडळी होती. पितरांच्या मुखवटानाचातून निघालेली, आणि तिचा उगम अभ्यासक ओयोच्या दरबाराशीच जोडतात. विसाव्या शतकात ह्यूबर्ट ओगुंदे यांच्यासारख्यांनी त्यातून नवी नाटक कंपनी उभी केली: गाणी, नाच, गावोगाव दौरे, बायकापोरांसकट सगळा बारदाना लॉरीत. पुढे याच मंडळींनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिनेमे काढले. त्यांतलेच एक अडेयेमी अफोलायान, लोकांचे 'अडे लव्ह'. कुनले हा त्यांचा मुलगा. ज्यांच्या घरात संगीत नाटकाच्या पदांवर आजोबा मान डोलवायचे त्यांना हा आवाज परका वाटू नये. तो काळ दाखवायचा म्हणून त्या काळापासून चालत आलेली अभिनयाची रीतच वापरली, तर तक्रार करणारे आपण कोण? माझी तक्रार उलटी आहे. कुनले रेमी हा सारो झालेला नट देखणा आहे, मेहनती आहे, पण या खानदानी आवाजात मधेच तो आजचा वाटतो. खांदे जिममधले आणि दात फारच पांढरे.

अकाला पक्ष्याविषयी थोडक्यात. तो संगणकातला आहे आणि संगणकातला दिसतो. माझ्याकडे तो पोचायच्या आधी फोनमधून ममांचं "ह्यॅ" पोचलं होतं.

खरी अडचण आहे ती उत्तरार्धात, आणि ती पैशांची नाही, तंत्राचीही नाही.

पहिला तासभर चित्रपट कादंबरीसारखा चालतो. माणसं आहेत, त्यांना भुका आहेत, भीती आहे. म्हाताऱ्या राजाच्या पदरी पडलेली तरुण अरोलाके, थोरल्या राण्यांचे टोमणे, आणि तिला पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून हवंसं वाटणं, हे सगळं बिंबो अदेमोये हिने नजरेने केलंय. मग भोपळा हाती येतो आणि एकदम आटपाट नगर सुरू होतं. सारोने अमक्याला उठवलं, तमक्याला उठवलं, श्रीमंत झाला, माजला. का माजला, कधी माजला, ज्या बाईने पक्ष्याशी झटापट करून आपल्याला वाचवलं तिच्याकडे तो पहिल्यांदा पाठ कधी फिरवतो, ते दिसत नाही. आपल्या कहाण्यांत असतं ना, उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. आणि कहाणीतला माणूस पुढच्याच ओळीत उततो आणि मातो. कहाणीत ते चालतं, कारण तिथे त्याला चेहरा नसतो. इथे तासभर आपण त्याचा चेहराच बघत बसलेलो असतो. योरुबांकडेही 'आलो' म्हणजे रात्रीच्या गोष्टी सांगायची रीत आहे, सांगणारा "आलो ओ!" म्हणतो, पोरं ओरडून साथ देतात. दोन्ही रीती छान आहेत. एका चित्रपटात दोन्ही हव्या असतील तर मधे शिवण घालावी लागते, आणि इसेयिनच्या पट्ट्या जोडणाऱ्या शिंप्याला जी जमते ती शिवण इथे उसवलेली आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली, आणि ती त्या 'काबियेसी'पाशी आहे.

चित्रपटातला अलाफिन, म्हणजे ओयोचा राजा, मनात येईल ते करतो. राणीच्या प्रियकराला मारा म्हणाला, मारला. आपल्याही डोळ्यांपुढे जुना राजा म्हटलं की असाच येतो. पण ओयोचं राज्य असं नव्हतं. अलाफिनसमोर 'ओयो मेसी' नावाची सात सरदारांची मंडळी बसायची. राजा निवडायचा अधिकार त्यांचा. त्यांच्या प्रमुखाला 'बाशोरुन' म्हणत. ज्याला जाब विचारता येत नाही असं त्याच्या तोंडावर म्हणायचं, त्याला जाब विचारायची सोय मात्र त्यांनी करून ठेवली होती. राजा डोईजड झाला, लोक विटले, की बाशोरुन त्याच्याकडे एक भोपळा पाठवायचा. रिकामा. किंवा आत पोपटाची अंडी. बोलायचं काही नाही. देवांनी तुला टाकलं, लोकांनी टाकलं, असा त्याचा अर्थ, आणि तो मिळाल्यावर अलाफिनने स्वतःचा जीव द्यायचा. पदच्युत राजा, परागंदा राजा असा प्रकार नाही. आणि हे हत्यार कुणी खेळण्यासारखं वापरू नये म्हणून ओयो मेसीतल्या एकाने राजाबरोबर मरायचं.

तरी ते वापरलं गेलं. १७५४ ते १७७४ अशी वीस वर्षं गा नावाच्या बाशोरुनने एकामागून एक अलाफिन या वाटेने लावले, शेवटी अबिओदुन या अलाफिनने त्याचा काटा काढेपर्यंत. हे चित्रपटातल्या काळानंतरचं. पण राजाला भोपळा पाठवायची रीत ओयोत गाच्या आधीपासूनची. ओयोचा सर्वांत मोठा देव शांगो हा मुळात तिथला अलाफिन. त्याने गळफास घेतला म्हणतात, आणि भक्त आजही म्हणतात, 'ओबा को सो', राजाने फास घेतला नाही. ज्या राज्यात राजाचं मरण हाच राजकारणाचा कणा आहे, तिथे मरण खिशात घालून हिंडणारा विणकर येतो! याहून स्फोटक गोष्ट कुठली? मेलेल्या राजाला उठवायला त्याला कुणी बोलावलं असतं तर? बाशोरुनने रिकामा भोपळा पाठवला आणि राजाने त्या रात्री सारोचा भरलेला भोपळा मागवला असता तर? हे सगळं हाताशी असताना चित्रपट सारोला ओयोतून उचलतो आणि एका आडगावी नेऊन बायकांच्या भांडणात बसवतो. मला चुटपुट लागली ती याची.

याच कारणाने पडद्यावरचं ओयो जरा हलकं वाटतं. हे साम्राज्य घोड्यांवर उभं होतं. घोडे उत्तरेकडून विकत यायचे, दक्षिणेच्या जंगलात त्सेत्से माशी त्यांना जगू द्यायची नाही, म्हणून ओयोची सत्ता माळरानावर पसरली. 'म्हण म्हणजे बोलण्याचा घोडा' अशी त्यांच्याकडे एक म्हण आहे: बोलणं हरवलं की म्हणीवर बसून ते शोधून आणायचं. अशा लोकांच्या राजधानीत टापांचा आवाज कानात राहायला हवा होता, तो राहत नाही. घोडे कशाच्या बदल्यात यायचे, समुद्राकडे माणसांचे तांडे कसे जायचे, अठराव्या शतकात ओयो गुलामांच्या व्यापारात किती खोल उतरलं, त्याची सावलीही मला फारशी जाणवली नाही. वसाहतपूर्व काळ म्हटला की गोरे यायच्या आधीचं निर्मळ, रंगीत जग असं एक चित्र तयार असतं. पूर्वजांची बदनामी नको ही भावना मी समजू शकते. आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांतही राजाच्या अंगावर धूळ बसू देत नाहीत. पण त्या जगाला त्याची स्वतःची पापं होती, स्वतःची घटना होती, स्वतःचे तोल होते. ते काढून घेतले की उरते वेशभूषा.

शिवाय 'योरुबा' हा शब्दच घ्या. सतराव्या शतकात सारोला कुणी "तू योरुबा का?" विचारलं असतं तर तो गोंधळला असता. तो नुसता आपल्या गावचा. हा शब्द तेव्हा ओयोकडच्या लोकांपुरता वापरला जायचा. इजेबू, एग्बा, एकिती या सगळ्यांना मिळून योरुबा म्हणायची रीत पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात. सॅम्युअल अजायी क्राउदर यांच्यासारख्या, गुलामीतून सुटून पाद्री झालेल्या माणसांनी योरुबा भाषेचे कोश-व्याकरण लिहिले, बायबल आणलं, तेव्हा. चित्रपटातली नितळ योरुबा त्या छापील भाषेची लेक आहे. याला दोष म्हणत नाही मी. ज्ञानेश्वरांवरच्या सिनेमात ज्ञानेश्वर तरी कुठे यादवकालीन मराठी बोलतात?

चित्रपट आला त्या वर्षी ऑस्करसाठी पाठवायला एकही चित्रपट पात्र नाही असं नायजेरियाच्या निवड समितीने ठरवलं आणि त्यावरून मोठी रणं माजली, समितीतल्या काहींनी राजीनामे दिले. २०२४ मध्ये 'अनिकुलापो'ची मालिकाही आली. ती ममांनी बघितली, मी अजून नाही.

शेवटाकडे माझं इंटरनेट आणखी मागे पडलं. सारो दरबारात उभा, समोर राजपुत्राचं प्रेत, हातात आदो. तो मंत्र म्हणतो, काही होत नाही. परत म्हणतो. लोक चुळबुळतात. मी अजून त्या चुळबुळीत होते आणि तिकडून ममा म्हणाल्या, अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हणावं तसं, "दिला तिने त्याला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी पडद्याकडे बघायचं सोडून फोनकडे बघत राहिले. रिकामा भोपळा. माजलेल्या राजाला पाठवतात तो. चित्रपटभर मी जो बाशोरुन शोधत होते, आणि नाही म्हणून चिडत होते, ती अरोलाके होती. पक्ष्याकडून भोपळा हिसकावणारीही तीच, आणि दिलेलं काढून घेणारीही. दिग्दर्शकाच्या मनात हे होतं की नाही, देव जाणे. असतं तर अरोलाकेच्या त्या निर्णयावर कॅमेरा जरा जास्त थांबला असता. पण ओयोच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला रिकामा भोपळा बघितल्यावर वेगळं काही सुचणार नाही, आणि तिला समजावून सांगायचीही गरज नाही.

पाट्या सुरू झाल्या. इकडे पहाटेचे अडीच वाजले होते. ममा चित्रपटाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तू ओयोला घेतलेला तो भोपळा आहे ना अजून? मी तेव्हाच सांगितलं होतं, महाग दिलाय त्याने."

"आहे की. दाराजवळ."

"काय ठेवतेस त्यात?"

मी उठून बघून आले. स्कूटरची जादा किल्ली, दोन सेल, एक बंद पडलेलं घड्याळ, भाजीवाल्याने दिलेली चिल्लर, आणि रबरबँडांचा गुंता.

"म्हणजे रिकामा नाही ना," ममा म्हणाल्या, आणि मग बराच वेळ, नेहमीप्रमाणे, माझी, नवऱ्याची आणि पुण्यातल्या पावसाची चौकशी करत राहिल्या.